घरी ठरवा आणि सोमवारी सांगा

मोशी
१४ जुलै २०२४

ती. स्व. अण्णांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून तुम्ही पत्रांचा हट्ट धरलात तेव्हा निरंजन हसला होता. पण खरं सांगू का, रविवारी दुपारी पिंकी झोपली की सासऱ्यांना पत्र लिहायला बसणं हाच माझ्या आठवड्यातला निवांत वेळ असतो. आईंच्या गुडघ्याला नवीन तेल लागू पडलं हे वाचून बरं वाटलं. पिंकीला दुसरीत मॉनिटर केलंय. घरी आल्यावर ती आम्हा दोघांची हजेरी घेते, आणि तिचा बाबा रोज गैरहजर निघतो.

आता कंपनीची बातमी. ती निरंजनच्या आधी मी कळवते आहे, आणि मुद्दाम कळवते आहे.

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनतात हे तुम्हाला मागं सांगितलं होतं. हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत जाणाऱ्या सगळ्या वायरी आमच्या बायका लांब बोर्डावर वेणीसारख्या बांधतात. या लाइनवर मी नऊ वर्षं आहे. नोकरी करत डिप्लोमा झाले तेव्हा तुम्हीच गावात पेढे वाटले होते. निरंजन शेजारच्या शेडमध्ये, वायर कटिंगला. आमच्या लाइनचे सुपरवायझर रिटायर झाले आणि त्या जागेची नोटीस लागली. आधी लेखी परीक्षा, मग इंटरव्ह्यू. आम्ही दोघांनी अर्ज भरले, एकाच टेबलावर, एकाच पेनानं. मी त्याला म्हटलं, माझी निवड झाली तर मला मॅडम म्हणावं लागेल. तो म्हणाला, घरी वेगळं काय म्हणतो. लेखी परीक्षेत दोघंही पास झालो. इथवर सगळी गंमतच होती.

परवा आमचे प्रॉडक्शन हेड नंदकिशोर सर यांनी केबिनमध्ये बोलावलं. मला नाही, निरंजनला. त्याच्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले की नवरा-बायको दोघं इंटरव्ह्यूला येणं बरं दिसत नाही. एका घरात एकच प्रमोशन जाणार. कोणाला हवंय ते घरी ठरवा आणि सोमवारी मला सांगा. हा सोमवार म्हणजे २९ तारखेचा, तोवर ते बाहेरगावी आहेत. निघताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू समजूतदार आहेस.

निरंजन घरी आला आणि कोथिंबीर निवडायला बसला. हे काम तो कधी करत नाही, म्हणून मला वाटलं याच्या हातून कंपनीत काहीतरी मोडलंय. जुडी संपल्यावर त्यानं सांगितलं. मी आधी हसले. मग विचारलं, तू काय म्हणालास? तर म्हणे, विचारून सांगतो म्हणालो. अण्णा, मला राग आला तो या 'विचारून'चा. उद्या वांगी करायची की दोडका, हे घरी ठरवायचं असतं. सुपरवायझर कंपनीला हवाय, तर तो कंपनीनं निवडावा. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी आपली निवड समिती कशाला बसवावी?

मी अर्ज मागे घेणार नाही. निरंजननं घ्यावा असंही म्हणणार नाही. दोघांनी जावं, ज्याचं काम चांगलं त्याला मिळावं. यात माझं काय चुकतंय ते सांगा.

आईंना नमस्कार. वाचून रागावलात तरी उत्तर लिहाच. तुमचं रागावणंही मी लोभातच धरते.

तुमची सून,
योगिनी


लिंबगाव, ता. केज
२० जुलै २०२४

चि. सौ. योगिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चौथ्या दिवशी मिळालं. मी पोस्टमास्तर असताना तिसऱ्या दिवशी मिळालं असतं, पण ते असो. पिंकीला सांग, मॉनिटरनं आधी स्वतःची हजेरी लावायची असते.

तू हुशार आहेस हे मी तुला बघायला आलो त्याच दिवशी ओळखलं. पोह्यांची बशी हातात देऊन तू मला आमच्या गावचा पिनकोड विचारला होतास. तेव्हा तुझ्या कामाबद्दल मला काही शंका आहे असं समजू नकोस. माझी काळजी वेगळी आहे.

एका घरातली दोन माणसं एकाच खुर्चीसाठी उभी राहिली तर त्यातलं एक पडणार, आणि पडलेल्या माणसाला संध्याकाळी त्याच घरी जेवायचं आहे. निरंजन पडला तर तो बोलणार नाही, आतल्या आत कुढत राहील. लहानपणी गोट्यांत हरला तरी दोन दिवस जेवायचा नाही. तू पडलीस तर तू सावरशील. म्हणून हे तुला सांगतो, त्याला नाही.

आमच्याही घरात एकदा अशीच वेळ आली होती. जागा एक आणि घरातल्या उमेदवार दोघी. मी सगळ्यांना समोर बसवून एका बैठकीत निकाल लावला. कुणाचं मन दुखावलं नाही. तुझ्या सासूला विचार, आजतागायत तिनं त्यावर एक शब्द काढलेला नाही. वडीलधाऱ्यांनी वेळीच हात घातला म्हणजे घर शाबूत राहतं, असा माझा अनुभव आहे.

तू अर्ज मागे घे. मात्र साहेबांना निरंजननं सांगू नये. तू स्वतः जाऊन सांग, म्हणजे तुझा मान राहील. पुढच्या वर्षी आणखी एखादी जागा निघेलच.

तुझी सासू आशीर्वाद सांगते आहे. लोभ आहे हे वेगळं लिहीत नाही, पाकिटावर जास्तीचं तिकीट लावलंय त्यावरून ओळख.

तुझा,
उद्धव


मोशी
११ ऑगस्ट २०२४

ती. स्व. अण्णांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा रागात आणि एकदा राग उतरल्यावर. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. तुम्ही लिहिता, मी पडले तर सावरेन. म्हणजे जिला सावरता येतं तिनंच दर वेळी पडायचं, असं झालं ना हे? आजवर मी तुमचा शब्द मोडला नव्हता. हा मोडला. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

ठरल्या सोमवारी निरंजनला घेऊन मी स्वतः केबिनमध्ये गेले. सरांना म्हटलं, घरी ठरलं, आम्ही दोघंही इंटरव्ह्यू देणार. ते म्हणाले, तुमच्यात बोलणं झालेलं दिसत नाही. मी म्हटलं, झालं सर, म्हणूनच दोघं येतोय. निरंजन माझ्या मागं उभा होता. तो काही बोलला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. तेवढं मला पुरलं.

दोन तारखेला इंटरव्ह्यू झाला. समोर नंदकिशोर सर, एचआरच्या अनुया मॅडम आणि मुख्य ऑफिसचे एक साहेब. निरंजन आधी गेला आणि दहा मिनिटांत हसत बाहेर आला. मी आत चाळीस मिनिटं होते. गेल्या वर्षी वायरींची टोकं जोडणारे दोन सारखेच दिसणारे कनेक्टर अदलाबदल होऊन माल परत आला होता. तेव्हा बोर्डावर रंगाच्या खुणा करून मी ती चूक कशी बंद केली, ते मुख्य ऑफिसच्या साहेबांनी कागद काढून समजून घेतलं. मला वाटलं, जमलं.

मग नंदकिशोर सरांनी विचारलं, सुपरवायझरला सेकंड शिफ्ट करावी लागते, तुमची मुलगी लहान आहे, तिला कोण सांभाळणार? अण्णा, मी आवाज चढवला नाही. मी विचारलं, सर, हा प्रश्न निरंजनला विचारलात का? मुलगी एकच आहे आणि ती दोघांची आहे. तिचा बाप माझ्याआधी याच खुर्चीवर बसून गेला. अनुया मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. सर हसून म्हणाले, तुम्ही फार पटकन मनाला लावून घेता, सुपरवायझरचं डोकं थंड लागतं. मी म्हटलं, डोकं थंडच आहे सर, माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलंय.

ते राहिलंच. शुक्रवारी यादी लागली. निरंजनची निवड झाली.

तुमचा मुलगा सुपरवायझर झाला, त्याबद्दल तुमचं आणि आईंचं अभिनंदन. मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आनंद झाला आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलेही, दोन्ही पाच मिनिटांच्या अंतरानं. मग तोंड धुऊन ऑफिसात गेले आणि अर्ज दिला, की निवड झालेल्या उमेदवाराचे आणि माझे, लेखीचे आणि इंटरव्ह्यूचे गुण मला लेखी कळवावेत. पोच घेतली, शिक्का मारून घेतली. पोस्टमास्तरांची सून आहे मी.

एक गोष्ट निरंजनला सांगितली आहे, ती तुम्हालाही सांगून ठेवते. घरात तो माझा नवरा आहे आणि त्यात काही कमी होणार नाही. गेटच्या आत तो सुपरवायझर आणि मी ऑपरेटर. ऑपरेटरचं काम मी चोख करीन, त्याहून एक वायर जास्त नाही.

पेढे पोस्टानं फुटतात, गावी येईन तेव्हा आणीन. तोवर राग असेल तर राहू द्या, पण त्याच्या शेजारी लोभालाही थोडी जागा असू द्या.

तुमची सून,
योगिनी


मोशी
१ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस,
कृ. सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. दहावीनंतर हे पहिलंच. पण फोनवर तुम्हाला ऐकू जाणार नाही आणि दुसऱ्या कुणाला हे सांगता येणार नाही.

माझं काही खरं नाही अण्णा. योगिनी घरी नीट बोलते, हसते, डब्यात माझ्या आवडीची भाजी देते. पण गेटच्या आत पाय टाकला की मला सर म्हणते. लाइनवरच्या बायका तोंडाला पदर लावून खुदखुदतात. चार नंबरच्या बोर्डावर काम अडलं की आधीचे साहेब नुसते योगिनीकडे बघायचे, आणि ती आपला बोर्ड सोडून तिकडचं निस्तरून यायची. मी सुपरवायझर झाल्यावर बघायचो, तर ती तिच्या बोर्डावरून मान वर करायची नाही. मी जाऊन विचारलं तर म्हणाली, सर, हे माझ्या कामाच्या यादीत आहे का? मी यादी काढून पाहिली. नाहीये.

त्यात नवीन इलेक्ट्रिक स्कूटरचं काम आलं. नंदकिशोर सरांनी योगिनीला सांगितलं की नवीन बोर्ड तू लावून दे, निरंजनला तेवढीच मदत. ती म्हणाली, हे सुपरवायझरचं काम आहे, मला करायला सांगताय तर तसं लेखी द्या, हुद्द्यासकट. सगळ्यांसमोर म्हणाली. सरांनी तिला दुसऱ्याच दिवशी पॅकिंगला टाकलं. नऊ वर्षं असेंब्लीत काढलेली बाई आता खोक्यांना टेप लावते. बदलीच्या कागदावर सुपरवायझर म्हणून सही माझी लागत होती. मी केली.

आणखी एक आहे, ते तिला सांगितलेलं नाही. माझी निवड झाली त्या दिवशी सर केबिनमध्ये दोघातिघांसमोर म्हणाले होते, याला घेतलं म्हणजे हिचं काम फुकटात आलंच, एका जागेवर दोन माणसं मिळाली. सगळे हसले. अण्णा, मीही हसलो. आता तिनं दिलेला डबा उघडला की तेच हसणं आठवतं.

तुम्ही तिला दोन ओळी लिहा. तिनं थोडं समजून घेतलं तर माझी लाइन चालेल. तुमचं ती ऐकते, निदान आजवर तरी ऐकायची.

आईला नमस्कार. मी चुकत असलो तर तसंही लिहा, पण पत्र टाका. त्याचाच आधार वाटतो.

तुमचा,
निरंजन


लिंबगाव
८ सप्टेंबर २०२४

चि. योगिनीला शालनबाईचे आशीर्वाद.

माझं पत्र आलं म्हणून घाबरू नको, इथं सगळे बरे हायेत. ह्यांना ऐकू येत न्हाई म्हणून हे कुठलंही पत्र मोठ्यानं वाचतात. त्यामुळं निरंजनचं पत्र मी ऐकलं आणि समोरच्या किराणा दुकानातल्यांनीही ऐकलं. मग हे तुला उत्तर लिहायला बसले, नवऱ्याला सांभाळून घे म्हणून. मी म्हणलं, थांबा, ह्या वेळी मी लिहिते. त्यांना ऐकू गेलं न्हाई, म्हणून कागदच हातातून काढून घेतला. तोच हा कागद. वर त्यांनी लिहिलेलं मी खोडलंय, ते वाचू नको.

मागं ह्यांनी तुला लिहिलं व्हतं की आमच्या घरात एका बैठकीत निकाल लागला आणि मी त्यावर एक शब्द काढला न्हाई. लिहितानाही हे मोठ्यानं बोलतात, म्हणून मला ठाऊक. तो शब्द आज काढते.

एकोणनव्वद साली गावात अंगणवाडी निघाली. मी मॅट्रिक पास, यादीत माझं नाव पहिलं. थोरल्या जाऊबाई विजयश्री आठवी झालेल्या, त्यांचं नाव दुसरं. तवा भाऊजींचं काम सुटलं व्हतं. ह्यांनी सगळ्यांना वट्यावर बसवलं आणि म्हणले, आपल्याकडं माझी नोकरी हाय, ही जागा वहिनीला जाऊ द्या. अर्ज ह्यांनीच लिहिला, माझी इच्छा न्हाई म्हणून. मी सही केली. निरंजन तवा पोटात व्हता. मला कुणी विचारलंच न्हाई तर मी बोलणार काय? मी गप ऱ्हायले, आणि ह्यांनी त्याचा अर्थ राजी असा लावला.

विजयश्रीबाईंनी चौतीस वर्षं अंगणवाडी चालवली. चांगली चालवली, त्यांच्यावर माझा राग न्हाई. मागल्या साली त्या रिटायर झाल्या तवा शाळेत सत्कार झाला. साडी-नारळ मीच त्यांच्या हातात दिला. लोक टाळ्या वाजवायले व्हते आणि मी मनात पोरं मोजायले व्हते, एवढ्या वर्षांत किती पोरं त्यांच्या हाताखालून गेली असतील. ती सगळी मला बाई म्हणली असती.

योगिनी, निरंजन माझ्या पोटचा हाय. तो वर चढला तर मला आनंदच. पण त्यानं तुझ्या खांद्यावर पाय देऊन चढू नये. तू फुकट काम करू नको. पॅकिंगला टाकलं तर पॅकिंग कर, पण मान वर ठेवून कर. आणि सेकंड शिफ्टला पोरगी कोण सांभाळणार असं कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांग. मी येते. ह्यांना विचारून न्हाई, सांगून येते.

हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं, कानाशी बसून, दोनदा. हे उठून बाहेर गेले ते अजून बाहेरच बसलेत. भाकरी झाकून ठेवलीय.

माया हाय ती हायच, लिहून ती काय वाढायची.

शालन


मोशी
१३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आईंना आणि अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

काल दसरा झाला. आज मुद्दाम दोघांच्या नावानं लिहिते आहे, कारण यातलं थोडं आईंसाठी आहे आणि थोडं अण्णांसाठी, आणि वेगवेगळी पाकिटं केली तर अण्णा दोन्ही वाचतीलच.

आई, तुमचं पत्र मी पॅकिंगमध्ये खोक्यांच्या थप्पीमागं बसून वाचलं. संध्याकाळी ते निरंजनच्या हातात दिलं. त्यानं वाचलं आणि तुम्हाला लिहिलेलं, माझ्यापासून लपवलेलं सगळं सांगून टाकलं. ते केबिनमधलं हसणंही सांगितलं. मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले, कारण त्या तीन दिवसांत त्यानं एक काम केलं. सुपरवायझरचं जॅकेट काढून खुंटीला लावलं आणि लाइनवरच्या सगळ्यात जुन्या रुक्मिणीबाईंच्या शेजारी उभा राहून वायर बांधायला शिकू लागला. चुकीच्या भोकात पिन घातली म्हणून रुक्मिणीबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. तो दुसऱ्या दिवशी परत गेला. आता त्याला चार नंबरच्या बोर्डावरचं निस्तरता येतं. हळू येतं, पण त्याचं त्याला येतं.

माझ्या अर्जाला पाच आठवड्यांनी उत्तर मिळालं. पाकीट देताना अनुया मॅडम एवढंच म्हणाल्या, की हे देऊ नका असं मला दोनदा सांगण्यात आलं होतं, पण तुमच्याकडे पोच आहे. लेखी परीक्षेत पन्नासपैकी मी त्रेचाळीस, निरंजन तीस. इंटरव्ह्यूत मी अकरा, तो पंचेचाळीस. दहा मिनिटांत पंचेचाळीस.

तो कागद मी कपाटात ठेवला नाही. माझ्या लॉकरच्या दारावर बाहेरून चिकटवला. डबा घ्यायला येणारी प्रत्येक बाई थांबून वाचायची, जिला वाचता येत नाही तिला दुसरी वाचून दाखवायची. नंदकिशोर सरांनी तो काढायला सांगितला. मी म्हटलं, लेटरहेड कंपनीचं, सही कंपनीची, मग कंपनीत लावायला हरकत काय? दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो फाडून टाकला होता. मी सहा झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या, दुसरी लावली. आणि अण्णा, त्यातली एक निरंजननं मागून घेतली आणि स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. त्यावर त्याचेही गुण आहेत. टेबलाशी येणारा माणूस ते वाचतो, आणि तो समोर बसून त्याला वाचू देतो. गोट्यांत हरल्यावर न जेवणारा मुलगा तो हाच का, असं मला तुम्हाला विचारायचं आहे.

पण मी तिथं थांबणार नव्हते. मागच्या महिन्यात चाकणलाच एका दुसऱ्या कंपनीत सुपरवायझरच्या जागेसाठी गेले. तिथले प्लँट मॅनेजर विलास सर समोर बसले आणि ते तोंड उघडायच्या आत मीच बोलले. म्हटलं, सर, मला सात वर्षांची मुलगी आहे, मी सेकंड शिफ्ट करीन, मुलीची सोय आम्ही दोघं बघू, तेव्हा तो प्रश्न नको. ते गोंधळून म्हणाले, मी तर कनेक्टरबद्दल विचारणार होतो. अशी लाजले मी! मग दीड तास आम्ही कनेक्टरवरच बोललो. जुनी नोकरी का सोडताय असं विचारल्यावर पर्समधून झेरॉक्स काढून पुढं ठेवली. त्यांनी ती वाचली, परत दिली आणि विचारलं, कधी येता?

तिथलं नेमणुकीचं पत्र हातात पडलं त्यानंतर चारच दिवसांनी खंडेनवमी आली. मशिनांना झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि नंदकिशोर सर प्रसादाची ताटली घेऊन माझ्यापाशी आले. नवीन स्कूटरचा माल दोनदा परत आला होता. म्हणाले, तुमच्यासाठी खास असिस्टंट सुपरवायझरची जागा काढतो, निरंजनच्या हाताखाली, घरातलं घरात, विचार करून सांगा. मी प्रसाद घेतला, खाल्ला, हात पुसले आणि म्हटलं, सर, विचार झालाय. मला जागा मिळाली आहे आणि ती कुणाच्या हाताखाली नाही. राजीनामा जेवणाच्या सुट्टीत आणून देते, पोच तयार ठेवा. शेजारी निरंजन उभा होता. या वेळी तो बोलला. म्हणाला, सर, तिच्या पोचेवर मी स्वतः शिक्का मारतो.

अकरा नोव्हेंबरला रुजू होते आहे. लाइनवर बेचाळीस बायका आणि सतरा पुरुष. भीती वाटते, आणि ती आवडतेही आहे.

आई, तुमचं नाव सांगायची वेळच आली नाही. तरी या. पिंकीला सांभाळायला म्हणून येऊ नका, माझ्याकडे राहायला या. अण्णा, तुमच्यावर मी रागावलेली नाही. पण तुम्ही सांगितलंत म्हणून थांबलेही नाही, हे दोन्ही ध्यानात ठेवून माझ्यावर माया करा.

तुमची,
योगिनी


लिंबगाव
२० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. योगिनीस,
आशीर्वाद. 'अनेक' लिहिताना या वेळी पेन अडखळलं. द्यायचा अधिकार मला राहिला आहे की नाही, ते तू ठरव.

तुझं पत्र आधी तुझ्या सासूच्या हातात पडलं. तिचं वाचून झाल्यावर मला मिळालं, तेही मागितल्यावर, आणि मोठ्यानं वाचायचं नाही या अटीवर. मनातल्या मनात वाचायला फार वेळ लागतो. पण जास्त कळतं, असं दिसलं.

पोस्टात मी अडतीस वर्षं काढली. कुणाचं पत्र कुणाच्या दारात टाकायचं यात एकदाही चूक केली नाही, असा माझा अभिमान होता. घरात मात्र एक नेमणूक चुकीच्या माणसाला पोचती केली आणि ती चूक होती हे कळायला पस्तीस वर्षं लागली. परवा मी शालनला विचारलं, तू त्या वेळी बोलली का नाहीस? ती म्हणाली, तेव्हा तर तुमचे कान चांगले होते.

मी तुला अर्ज मागे घे असं लिहिलं होतं. तो सल्ला मी मागे घेत आहे. लेखी घेत आहे, पोच पाठव. निरंजनला वेगळं लिहिलं आहे. काचेखालच्या कागदाबद्दल लिहिलं, बाकी काही लिहिलं नाही.

तुझी सासू दिवाळी झाली की तिकडे निघते आहे. लोणचं भरून झालं, शेंगदाण्याचे लाडू झाले, दोन साड्यांना नवे फॉल लागले. मला भात लावायला शिकवलं आहे. कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येत नाहीत, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाखाली किती मिनिटं ते खडूनं लिहून ठेवलं आहे. किती दिवसांसाठी जाते असं विचारलं तर म्हणाली, बघू. हा शब्द या घरात आजवर मी वापरत होतो.

काल मी धीर करून विचारलं, मीही येऊ का? तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, विचार करून सांगते.

आज सकाळपासून तिच्या अवतीभवती फिरतो आहे. अजून विचार चालू आहे.

तुझ्या लोभाची वाट पाहणारा,
उद्धव